असफजाही छत्राखाली : एका मागणीची चिकित्सा

(कपिलधार, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा तर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा वाद. राजा ठेवायचा पण त्याचे अधिकार काढून घ्यायचे, की राजा हे पदच मोडून प्रजासत्ताक करायचं? बालाघाटाच्या डोंगरात, मन्मथस्वामींच्या समाधीपाशी बसून त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

माझं म्हणणं असं, की हा वाद आपल्याच मुलखानं जगून काढलेला आहे. फक्त आपण त्याची गोष्ट सांगताना तेवढा भाग गाळतो. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, रझाकारांचा जुलूम सांगितला जातो, पोलीस ॲक्शन सांगितली जाते, निजाम शरण आला इथं गोष्ट संपते. निजाम गेला, हे कळतं. पण त्याच्या जागी काय यावं यावर लोक काय बोलत होते, ते कळत नाही.

या इतिहासावरची चार पुस्तकं घ्या. व्ही. पी. मेनन यांचं पुस्तक १९५६ चं. नावातच संस्थानांचं ‘एकीकरण’ आहे. कन्हैयालाल मुन्शींचं १९५७ चं. नाव ‘एका युगाचा अंत’ अशा अर्थाचं. निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी १९६२ मध्ये लिहिलं, त्यांना ती हैदराबादची ‘शोकांतिका’ वाटली. आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ च्या, त्यांच्या नावात ‘स्वातंत्र्यलढा’ आहे. चारही माणसं त्या घटनांच्या मधोमध होती. मेनन दिल्लीच्या संस्थानखात्याचे सचिव, मुन्शी भारत सरकारचे हैदराबादमधले प्रतिनिधी, लायक अली दुसऱ्या बाजूला, स्वामीजी तुरुंगात आणि चळवळीत. एकाच घटनेला चार नावं, आणि प्रत्येक नाव कुणाला काय मिळालं किंवा कुणाचं काय गेलं हे सांगतं. राज्याचा आकार कसा असावा, हा प्रश्न एकाही नावात नाही.

नावाचं भांडण आजही चालू आहे. २०२२ मध्ये हैदराबाद शहरात एकाच १७ सप्टेंबरला केंद्र सरकारनं ‘मुक्ती दिन’ साजरा केला आणि तेलंगणा सरकारनं ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’. २०२४ पासून तिथं ‘प्रजा पालन दिन’ असं तिसरंच नाव आलं. तर मला आज या नावांच्या खाली दबलेला मूळ प्रश्न वर काढायचाय.

१९३८ ची मागणी

त्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. ‘व्हायची होती’ म्हणतो, कारण स्थापन होण्याआधीच सप्टेंबरमध्ये निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. मग ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी गोविंदराव नानलांची. स्वामी रामानंद तीर्थ त्याच महिन्यात तुरुंगात गेले. हे स्वामीजी आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातले शिक्षक. आज तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे.

आता या बंदी घातलेल्या काँग्रेसचं ध्येय काय होतं? निजाम हटवा? नाही. असफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे निजाम राहील, गादी राहील, नाण्यावर नाव राहील. फक्त मंत्रिमंडळ लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला जबाबदार असेल. आजच्या भाषेत सांगायचं तर सरळसरळ घटनात्मक राजेशाहीची मागणी.

आणि एवढीसुद्धा मागणी सरकारला सोसली नाही. हे राज्य कसलं होतं ते लक्षात घ्या. गश्ती निशान ५३ नावाचं एक परिपत्रक होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी घ्या. आज आपण इथं बसलोय तसं बसायलाही परवानगी लागली असती. १९३९ च्या जुलैत सरकारनं अय्यंगार समितीच्या आधारानं सुधारणा जाहीर केल्या. त्यात विधिमंडळ होतं. पण प्रतिनिधी गावांचे, तालुक्यांचे नव्हते. जमीनदार, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांनुसार जागा वाटल्या होत्या. आणि मंत्री जबाबदार कुणाला? विधिमंडळाला नाही, निजामाला. म्हणजे छत्र होतं, जबाबदारी नव्हती.

इथं टीकाकार दोन गट करतात. एक गट म्हणतो, ‘छत्राखाली’ हा शब्द निव्वळ डावपेच होता. मनात विलीनीकरणच होतं, पण राजद्रोहाचा आरोप टाळायला तसं लिहिलं. दुसरा म्हणतो, नाही, त्या वेळी नेत्यांची झेप तेवढीच होती. मला दोन्ही वाचनं उथळ वाटतात. १९३८ मध्ये खुद्द ब्रिटिश हिंदुस्थानात प्रजासत्ताक आलेलं नव्हतं. त्याच वर्षी हरिपुऱ्याच्या अधिवेशनात काँग्रेसनं संस्थानी प्रजेला सांगितलं होतं, की तुमची चळवळ तुम्हीच उभी करा. अशा वेळी संस्थानातला माणूस कशाची कल्पना करू शकतो? समोर जे राज्य आहे ते माणसाळवण्याची. तो डाव नव्हता आणि कमकुवतपणाही नव्हता. तो एक प्रस्ताव होता, आणि प्रस्ताव म्हणूनच तो तपासला पाहिजे.

प्रस्तावाची बाजू, पुऱ्या ताकदीनं

घटनात्मक राजेशाहीच्या बाजूनं जे बोलता येतं ते आधी नीट बोलू. दुसऱ्याचं म्हणणं अर्धवट मांडून खोडणं सोपं असतं.

पहिला पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला, औंधचा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं ७२ गावांचं संस्थान. त्यांनी आपणहून सत्ता सोडली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि सल्ल्याला गांधीजी. १९३९ च्या जानेवारीत औंधला स्वराज्याची घटना मिळाली. खाली गावपंचायती, त्यांच्यातून वर प्रतिनिधी, आणि राजा आपल्या प्रजेचा सेवक. म्हणजे ज्या वर्षी आपले सत्याग्रही तुरुंगात होते, त्याच सुमाराला साताऱ्याकडं एक राजा स्वतःच्या हातानं आपले अधिकार उतरवत होता. असा राजा असू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा खास हैदराबादचा. सोळा जिल्हे; आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एकत्र धरणारी गोष्ट कोणती होती? गादी. गादी गेल्यावर राज्य किती टिकलं? १९५६ ला तीन तुकडे झाले. राजेशाहीचा समर्थक म्हणेल, बघा, सांगत होतो.

तिसरा मुद्दा जगाचा. स्पेनमध्ये २३ फेब्रुवारी १९८१ ला लष्करी बंडखोर संसदेत घुसले, तेव्हा राजा हुआन कार्लोस लोकशाहीच्या बाजूनं उभा राहिला आणि बंड फसलं. ज्याला निवडणूक लढवायची नाही असा एक माणूस वर असला की संकटात उपयोग होतो, हा तर्क पोकळ नाही.

शिवाय आपण विसरतो, की १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० हा खुद्द स्वतंत्र भारत कायद्यानं घटनात्मक राजेशाहीच होता. राजा सहावा जॉर्ज. अडीच वर्षं. त्यानं नेहरूंचं किंवा पटेलांचं काही अडलं नाही.

मग अडलं कुठं?

या सगळ्या युक्तिवादाला एक अट लागते. राजा सगळ्यांचा असला पाहिजे. दोन पक्ष भांडले तर तो तिसऱ्या जागी उभा हवा. ही अट मोडली की घटनात्मक राजेशाही म्हणजे एका पक्षाच्या हातातली ढाल.

हैदराबादमध्ये ही अट आधीच मोडलेली होती, आणि गंमत अशी की ती काँग्रेसनं मोडली नाही. इत्तेहादुल मुसलमीननं ‘अनल-मलिक’ हा सिद्धांत मांडला. म्हणजे, मीच राजा. राज्याचं सार्वभौमत्व मुसलमान समाजाचं, निजाम हे फक्त त्याचं प्रतीक. बहादूर यार जंग यांच्या काळात हा विचार पक्का झाला आणि पुढं लातूरचा वकील कासीम रझवी त्याच्या जोरावर रझाकार घेऊन उभा राहिला.

नीट ऐका. काँग्रेस म्हणत होती, सत्ता राजाकडून काढून सगळ्या लोकांना द्या. इत्तेहाद म्हणत होती, सत्ता राजाची नाहीच, ती एका समाजाची आहे. दोघांनीही राजा आतून पोकळ केला होता! फरक एवढाच की एका बाजूनं ‘लोक’ म्हणताना सगळे मोजले, दुसऱ्या बाजूनं काहीच मोजले. दीड कोटीहून जास्त लोकांच्या राज्यात बहुसंख्य माणसं या हिशेबातून बाहेर. ज्या छत्राखाली सगळ्यांनी उभं राहायचं, त्या छत्रावर एकानंच नाव कोरलं.

याचा परिणाम २७ ऑक्टोबर १९४७ ला दिसला. निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला करार करायला निघायचं होतं. रझवीच्या माणसांनी त्या पहाटे शिष्टमंडळातल्यांच्या घरांना गराडा घातला. शिष्टमंडळ गेलं नाही. निजामानं मनात ठरवलेलं फिरवलं, नवं शिष्टमंडळ नेमलं. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला, पण त्या पहाटे एक गोष्ट सिद्ध झाली होती. जो राजा स्वतःच्या दूताला स्वतःच्या राजधानीतून बाहेर काढू शकत नाही, तो दोन पक्षांमध्ये पंच कसा होणार?

शेवटची संधी जून १९४८ ची. माउंटबॅटन जाण्याच्या तोंडावर दिल्लीनं एक मसुदा पुढं केला. त्यात निजामाची गादी राहणार होती. हंगामी सरकार, त्यात मुस्लिमेतरांना निम्म्याहून कमी जागा नाहीत, आणि पुढं घटना समिती. थोडक्यात, १९३८ ला ज्यासाठी लोक तुरुंगात गेले तेच दहा वर्षांनी दिल्ली निजामाला ताटात वाढून देत होती. निजामानं नाकारलं. म्हणून मी म्हणतो, हैदराबादची घटनात्मक राजेशाही प्रजासत्ताकवाद्यांनी मारली नाही. ती राजानं आणि राजाच्या नावानं बोलणाऱ्यांनी मारली.

कल्याणची आठवण

आपण कपिलधारला आहोत. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत आणलं, आणि कार्तिक पौर्णिमेला मराठवाडा, कर्नाटक, तेलंगणातून दिंड्या इथं पायी येतात. या परंपरेच्या मुळाशी कल्याण आहे, बिज्जळ राजाचं कल्याण, जे पुढं निजामाच्याच राज्यात बीदर जिल्ह्यात होतं. तिथल्या अनुभव मंटपाला हल्ली ‘जगातली पहिली संसद’ म्हणतात. मला त्या मंटपाबद्दल मोठा आदर आहे, म्हणूनच हे विशेषण मला पटत नाही. तिथं चांभार, न्हावी, परीट, स्त्रिया बोलत होत्या, ही बाराव्या शतकातली अफाट गोष्ट आहे. पण खजिना कुणाच्या हातात? बिज्जळाच्या. शिक्षा देण्याचा अधिकार कुणाचा? बिज्जळाचा. बसवण्णा त्या राजाचे मंत्री होते, आणि राजा खूश होता तोवर मंटप फुलला.

परंपरा सांगते, की शरणांच्या दोन घरांत, एक ब्राह्मण कुळातलं आणि एक चांभार कुळातलं, लग्न झालं. राजानं बापांना देहदंड दिला. मग दंगा, बिज्जळाचा खून, शरणांची पांगापांग. छत्राखालचं स्वातंत्र्य कुठवर टिकतं, याचं उत्तर आपल्या परंपरेनं आठशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. जिथं राजाच्या व्यवस्थेला खरा धक्का बसतो, तिथवर. औंधच्या राजाबद्दलही हाच प्रश्न उरतो. बाळासाहेब थोर होते; पण घटना त्यांच्या थोरपणावर उभी होती. शेजारच्या संस्थानात तसा राजा नसेल तर तिथल्या प्रजेनं काय करायचं? चांगल्या राजाची वाट पाहायची? स्पेनच्या त्याच हुआन कार्लोसला पुढं बदनामीमुळं २०१४ मध्ये गादी सोडावी लागली आणि २०२० मध्ये तो देश सोडून गेला. १९८१ चा राजा आणि २०२० चा राजा, माणूस एकच.

राजा कुणाच्या मान्यतेनं?

आता ज्या आठ वर्षांबद्दल कुणी बोलत नाही तिकडं येतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजाम कुठं गेला? कुठंच नाही. तो होता तिथंच राहिला. २३ नोव्हेंबर १९४९ ला त्यानं फर्मान काढलं, की भारताची घटना हैदराबादला लागू होईल. २६ जानेवारी १९५० ला तो हैदराबादचा राजप्रमुख झाला आणि ऑक्टोबर १९५६ अखेर राज्य मोडेपर्यंत राहिला. १९५२ ला बूर्गुल रामकृष्णराव निवडून आलेले मुख्यमंत्री झाले, तेव्हा राज्याच्या शिरावर तोच मीर उस्मान अली खान! म्हणजे १९३८ ची मागणी अक्षरशः अमलात आली होती. असफजाही छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती.

आली होती का? इथंच घटनेचं कलम ३६६ वाचायला हवं. त्यात राजप्रमुख शब्दाची व्याख्या होती. हैदराबादपुरता अर्थ असा, की राष्ट्रपती ज्या व्यक्तीला त्या वेळी हैदराबादचा निजाम म्हणून मान्यता देतील ती व्यक्ती. या एका ओळीत सगळी क्रांती आहे. १९३८ च्या मागणीत लोकांचं सरकार राजाच्या छत्राखाली होतं. १९५० मध्ये राजा लोकांच्या घटनेखाली आला. माणूस तोच, वाडा तोच, पण तो निजाम आहे की नाही हे ठरवणारा आता निवडून आलेला राष्ट्रपती. म्हणून १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीनं राजप्रमुख हे पद काढलं तेव्हा रस्त्यावर रक्त सांडलं नाही, आणि १९७१ मध्ये सव्विसाव्या दुरुस्तीनं तनखे बंद झाले तेव्हाही नाही. जे मान्यतेनं दिलेलं असतं ते काढून घेता येतं.

पण टीका करायची तर आपल्या बाजूचीही करू. या प्रजासत्ताकाच्या जमाखर्चात दोन-तीन खर्च मोठे आहेत.

एक, ज्या घटना समितीनं ही घटना लिहिली तिच्यात हैदराबादचे प्रतिनिधी बसलेच नव्हते. बीडच्या माणसाला प्रजासत्ताक मिळालं ते राजाच्या फर्मानानं. त्यानं स्वतः पहिलं मत टाकलं ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत.

दोन, पैसा. ‘सर्फ-ए-खास’ ही निजामाची खासगी जहागीर, तिच्या उत्पन्नाचा हिशेब प्रजेला विचारता येत नव्हता. १९४९ मध्ये ती सरकारात आली. पण मोबदला काय ठरला? तनखा वर्षाला ५० लाख, सर्फ-ए-खासबद्दल २५ लाख, वाडे राखायला २५ लाख. ज्यांनी शतकभर सारा भरला त्यांनीच ही किंमत भरली.

तीन, आणि हे बोलायला जड जातं. पोलीस ॲक्शननंतर गावोगाव मुसलमानांच्या हत्या झाल्या. पंडित सुंदरलाल समितीनं सरकारला दिलेल्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे, आणि बाधित जिल्ह्यांत बीडचं नाव आहे. अहवाल कित्येक दशकं दडपून राहिला. रझाकारांनी जे केलं ते आपण दरवर्षी सांगतो, सांगितलंच पाहिजे. पण इत्तेहादची चूक कोणती होती? ‘लोक’ म्हणताना काहींनाच मोजलं, ही. मग राजा गेल्यावर आपणही तसंच मोजलं असेल, तर अनल-मलिक हरला असं म्हणायचं तरी कसं? फक्त म्हणणारा बदलला.

राजा नको, मग काय?

बाहेरच्या दोन उदाहरणांनी आवरतं घेतो. ऑस्ट्रेलियात ६ नोव्हेंबर १९९९ ला सार्वमत झालं. राणी नको म्हणणारे पुष्कळ होते, तरी सुमारे ५५ टक्के मतं प्रजासत्ताकाच्या विरोधात पडली. एक मोठं कारण हे, की राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा यावर प्रजासत्ताकवाद्यांमध्येच फूट होती. राजा नको यावर एकमत सोपं असतं. नेपाळात २८ मे २००८ ला घटना समितीनं ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये काठमांडूत राजा परत आणा म्हणून मोर्चे निघाले. त्या लोकांना राजाचा फार लळा होता म्हणून? मला तसं वाटत नाही. सरकारं बदलत राहिली, कारभार सुधारला नाही, विचारायचं कुणाला ते कळेना, म्हणून.

मराठवाड्यानं यातून घ्यायचं ते असं. १७ सप्टेंबर हा राजा हरल्याचा दिवस आहे. तो साजरा करावा. पण स्टेट काँग्रेसच्या मागणीतला टिकाऊ शब्द ‘छत्र’ नव्हता, ‘जबाबदार’ हा होता. छत्र बदलतं. कधी असफजाही असतं, कधी एखाद्या घराण्याचं, कधी पक्षाचं, कधी जातीचं. निवडून आलेल्या माणसाभोवतीही लोक सर्फ-ए-खास उभी करतात. हा कारखाना त्यांचा, ही संस्था त्यांची, हा निधी त्यांनी दिला. निधी ‘दिला’ म्हणतो आपण! सरकारी पैशाला ‘दिला’ हे क्रियापद लागलं की समजावं, आपण अजून छत्राखाली उभे आहोत.

तुमच्या गावात ग्रामसभा होते. तिथं कुणीतरी उठून विचारतो, या रस्त्याला किती आले, किती लागले, उरलेले कुठं? त्याला ‘खाली बस’ म्हणणारे चारजण असतात. ज्या गावात त्याला उत्तर मिळतं ते गाव प्रजासत्ताकात आहे. ज्या गावात तो खाली बसतो, तिथं १९३८ ची मागणी अजून मान्य व्हायची आहे.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. परवानगी लागत नाही.